दोन पावलं पुढे आलेला सेफ्टी

हंट्सव्हिल, अलाबामा

ती. आबाकाका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात, ‘एक गडी बाहेर गेला तर एवढं काय, दहा उरतात की.’ तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितो. नोव्हेंबर संपायला आला की इथे ऑफिसात, न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर हाच वाद निघतो आणि 2021 ची आयर्न बोल त्यात हमखास येते.

आयर्न बोल म्हणजे अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न विद्यापीठ यांचा अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक सामना. नाव बर्मिंगहॅमच्या लोखंडाच्या कारखान्यांवरून पडलं, कारण सामना बरीच वर्षं त्याच शहरात व्हायचा. 1907 नंतर थेट 1948 पर्यंत हे दोन संघ समोरासमोरच आले नाहीत, पण खुन्नस कमी झाली नाही. राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा बडा संघ नाही, त्यामुळे सगळी ईर्षा या एका शनिवारी बाहेर पडते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस हे संघ भिडतात तेव्हा पेठांमध्ये जे होतं, ते इथे अख्ख्या राज्यात होतं.

खेळाचं एवढंच ध्यानात ठेवा: चार प्रयत्नांत 10 यार्ड सरकायचं, जमलं तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. चेंडू हातात घेऊन धावता येतं किंवा क्वार्टरबॅक तो फेकतो आणि रिसीव्हर झेलतो. रिसीव्हरच्या समोर कॉर्नरबॅक असतो आणि सगळ्यांच्या मागे, शेवटचा राखणदार म्हणून, एक किंवा दोन सेफ्टी. वाद जरी रिसीव्हरवरून होत असला तरी माझ्या मते डोळा ठेवायचा तो या सेफ्टीवर.

27 नोव्हेंबर 2021, ऑबर्नचं जॉर्डन-हेअर स्टेडियम. अलाबामाचा जेम्सन विल्यम्स हा त्या मोसमातल्या सगळ्यांत धोकादायक रिसीव्हरपैकी एक होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याचे असे चार भाग) पंटच्या वेळी, म्हणजे अलाबामाने लाथेने चेंडू लांब समोरच्यांकडे मारला तेव्हा, तो खाली धावत गेला, हेल्मेटने धडक दिली आणि पंचांनी टार्गेटिंगचा नियम लावून त्याला सामन्यातून काढलं. कॉलेज फुटबॉलमध्ये तेव्हा हा नियम कडक होता. पहिल्या अर्ध्यात घडलं तर उरलेला सामना बाहेर. दुसऱ्या अर्ध्यात घडलं तर पुढच्या सामन्याचा पहिला अर्धाही गेला. विल्यम्सचं पहिल्या अर्ध्यात घडलं, म्हणून पुढच्या आठवड्याला तो मोकळा होता. हे पुढे कामाला येईल.

पहिलं भांडण इथेच लागतं: एवढा मोलाचा गडी पंट झेलणाऱ्याला अडवायला पाठवलाच कशाला? पाठवण्यामागे हिशेब होता. पंट हवेत चार-साडेचार सेकंद असतो. तेवढ्यात 40 यार्ड कापून चेंडू झेलणाऱ्याला गाठायचं तर संघातला सगळ्यांत वेगवान पोरगाच लागतो आणि तो विल्यम्स होता. पण त्या कामात टक्कर पूर्ण वेगात होते, डोकं खाली गेलं की संपलं. मला विचाराल तर आठ-दहा यार्डांच्या फायद्यासाठी ही जोखीम महागच.

आता आकडे बघा. त्या मोसमात विल्यम्सने 79 झेलांत 1,572 यार्ड काढले आणि त्याचा जोडीदार जॉन मेचीने 96 झेलांत 1,142. म्हणजे विल्यम्सचा एक झेल जवळपास 20 यार्डांचा, मेचीचा 12 चा. ज्याचे झेल जास्त तो मोठा, असं नुसतं मोजणाऱ्याला वाटेल. पण 20 यार्डवाला मैदानात असला की सेफ्टीला मागे राहावंच लागतं. 12 यार्डवाला कितीही भरवशाचा असो, त्याच्यासाठी कोणी 15 यार्ड मागे जाऊन उभं राहत नाही.

हे जवळून बघायचं तर चेंडू हलायच्या आधीचे दोन सेकंद बघा. विल्यम्ससारखा गडी कडेला उभा असतो तेव्हा समोरचा कॉर्नरबॅक सहसा सात-आठ यार्ड लांब असतो, वजन टाचांवर, उलटं धावायच्या तयारीत. त्याच्या मदतीला सेफ्टी आणखी मागे. तो गडी बाहेर गेला की हाच कॉर्नरबॅक एक यार्डावर, नाकासमोर येऊन उभा राहतो आणि त्याच्या जागी आलेल्या नवख्याच्या छातीवर दोन्ही हात मारून त्याची पहिली पावलं बिघडवतो. सेफ्टी दोन पावलं पुढे सरकतो. अलाबामाकडे पुढच्या रांगेतले पाच लाइनमन आणि त्यांना लागून उभा एक टाइट एंड, असे सहा अडवणारे. समोर सात असतील तर एक जण मोकळा, त्याला धावणाराच कसाबसा चुकवतो. सेफ्टी आठवा झाला की दोन मोकळे. धावण्याचे यार्ड दोन-तीनवर येतात, तिसऱ्या प्रयत्नाला चार ते सहा यार्ड बाकी राहतात, आता फेकणारच हे सगळ्यांना कळतं. पहिली पावलं बिघडल्यामुळे रिसीव्हर ठरल्या वेळी ठरल्या जागी नसतो, क्वार्टरबॅक चेंडू अर्धा सेकंद जास्त धरतो आणि आडवा होतो. त्या दिवशी अलाबामाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग सात वेळा सॅक झाला, म्हणजे फेकायच्या आधीच पाडला गेला.

ऑबर्नवाले यावर लगेच म्हणतील की तुमची लाइनच कच्ची होती, रिसीव्हरचं निमित्त कशाला? त्यात तथ्य आहे. विल्यम्स मैदानात होता तेव्हाही अलाबामाच्या पाटीवर शून्यच होतं. तीन क्वार्टर संपले तेव्हा ऑबर्न 10, अलाबामा 0. पण कच्ची लाइन आणि हरवलेला रिसीव्हर ही दोन दुखणी वेगळी नाहीत. लांब धावणारा गडी असला की समोरचे लोक अंगावर यायला कचरतात, कच्ची लाइन झाकली जाते. तो गेला की उघडी पडते.

शेवट तर तुम्ही हायलाइट्समध्ये बघितलाच असेल. ऑबर्न 10-3 ने पुढे असताना त्यांचा टँक बिग्सबी चेंडू घेऊन सीमारेषेबाहेर गेला, घड्याळ थांबलं. आतच पडला असता तर अलाबामाचा बराच वेळ खाल्ला गेला असता. अलाबामाला चेंडू मिळाला तो स्वतःच्या 3 यार्डावर, 1 मिनिट 35 सेकंद शिल्लक. तिथून 12 डावांत 97 यार्ड, आणि 24 सेकंद उरले असताना 28 यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार. झेलणारा कोण, तर जाकोरी ब्रूक्स, पहिल्या वर्षाचा पोरगा. सामना बरोबरीत आला आणि ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा खेळात, गेला. चौथ्या ओव्हरटाइममध्ये मेचीने दोन गुणांचा झेल घेतला आणि 24-22 वर सामना संपला. आयर्न बोलमध्ये ओव्हरटाइम त्याआधी कधी झालाच नव्हता.

झालं, अलाबामावाले छाती काढून सांगतात, ‘बघा, विल्यम्स नसला तरी अडलं का?’ मला हे पटत नाही. शेवटच्या दीड मिनिटात 97 यार्ड काढायचे असले की अलाबामा धावणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग सेफ्टीला पुढे येऊन धाव अडवण्याचं कामच उरत नाही. जे काम एरवी विल्यम्सचा धाक करायचा, ते तेव्हा घड्याळाने केलं. आधीची 58 मिनिटं बघा. मेचीवर ओझं किती पडलं बघा: 13 झेल, 150 यार्ड, संघाच्या 317 पैकी जवळजवळ निम्मे.

याहून चांगला पुरावा पुढच्या सहा आठवड्यांत मिळाला. 4 डिसेंबरला समोर जॉर्जिया, ज्यांच्याविरुद्ध तोवर त्या मोसमात कोणीही 17 च्या वर गुण केले नव्हते. विल्यम्स परत आलेला. त्याने 7 झेलांत 184 यार्ड काढले. त्यातले दोन टचडाउन 67 आणि 55 यार्डांचे. अलाबामा 41, जॉर्जिया 24. पण मध्यंतराच्या तोंडावर मेचीचा गुडघ्याचा लिगामेंट गेला. मग 10 जानेवारी 2022 ला इंडियानापोलिसमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी पुन्हा तीच जॉर्जिया. मेची नाही, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये 40 यार्डांचा झेल घेताना विल्यम्सचाही गुडघा गेला. जॉर्जिया 33, अलाबामा 18.

त्या सामन्यातले यंगचे 369 यार्ड दाखवून ‘फेक तर चालली होती’ असं कोणी म्हटलं की मी एवढंच विचारतो, किती फेकींत? 57. एका फेकीमागे साडेसहा यार्ड. डिसेंबरमध्ये 44 फेकींत 421, म्हणजे साडेनऊच्या वर. आणि आयर्न बोलमध्ये 51 फेकींत 317, म्हणजे सव्वासहा. क्वार्टरबॅक एकच, विल्यम्स पूर्ण वेळ होता तिथे साडेनऊ, अर्ध्यातून गेला तिथे सहा-साडेसहा. जानेवारीत अलाबामा गोलरेषेजवळ पोचत होती, पण तिथे अडकून चार फील्ड गोलांवर (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) समाधान मानत होती. जागा आक्रसली की नवख्या रिसीव्हरची अडचण दुप्पट होते.

गडी आधीच जायबंदी असणं आणि सामन्यात मध्येच जाणं यात फार अंतर आहे, हे इथले बरेच जण विसरतात. विद्यार्थी खेळाडूंना नियमाने आठवड्याला 20 तासच सराव. त्यातले बहुतेक डाव पहिल्या फळीच्या वाट्याला येतात. मध्येच गडी गेला की प्रशिक्षकाच्या हातातल्या कागदावरचे त्याच्या नावाचे सगळे डाव बाद. शिवाय रिसीव्हरच्या धावण्याच्या काही वाटा अशा असतात की समोरची मांडणी बघून रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक दोघांनी एकाच क्षणी एकच निर्णय घ्यायचा, आत वळायचं की बाहेर. नवखा आत वळला आणि चेंडू बाहेर फेकलेला असला की तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात. वेळ हाताशी असला तर उपाय असतात. उरलेल्या चांगल्या रिसीव्हरला कडेऐवजी आतल्या बाजूला उभं करायचं, चेंडू हलायच्या आधी त्याला आडवं चालवायचं म्हणजे छातीवर हात मारता येत नाहीत, तिघांना घोळक्यात उभं करायचं, नाहीतर सरळ धावायचं. मेची गेल्यावर सिनसिनाटीविरुद्ध अलाबामाने चार आठवड्यांच्या तयारीने हेच शेवटचं केलं: ब्रायन रॉबिन्सनने 26 वेळा धावून 204 यार्ड काढले, 27-6.

उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पुतण्या एकाच बाजूने बोलतो. 30 नोव्हेंबर 2024, मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट. मिशिगनचा कोल्स्टन लव्हलँड, 56 झेलांचा त्यांचा सगळ्यांत मोठा आधार, खेळलाच नाही. मिशिगनने अख्ख्या सामन्यात फेकून फक्त 62 यार्ड काढले आणि तरी ओहायो स्टेटच्या मैदानावर 13-10 जिंकले. कारण त्यांचा सेफ्टी-बिफ्टीवर धाक आधीपासूनच नव्हता, ते आठ जणांच्या भिंतीवर मोसमभर डोकं आपटून सरावले होते. जाण्यासारखं काही नव्हतंच, मग गेलं काय?

यंदा सामना दुपारी अडीचला ठेवला तर तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजतील, जागू नका. दुसऱ्या दिवशी पूर्ण सामना बघा, आणि टीव्हीवाला रिसीव्हरचा चेहरा दाखवत असेल तेव्हा तुम्ही मागचा सेफ्टी कितव्या यार्डावर उभा आहे ते मोजा. मग फोनवर बोलू.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
सुहास