आईच्याच माथी कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला म्युटेशनवरचा, म्हणजे जनुकांत होणाऱ्या बदलांवरचा लेख वाचला. भाषा सोपी, मांडणी चांगली, त्याबद्दल लेखकांचं अभिनंदन. पण मधल्या चौकटीत ठळक टाइपात जे वाक्य छापलंत, ‘जनुकीय दोष बहुधा आईकडूनच बाळात येतात’, ते कुठून पैदा केलं?

माझ्या मुलाला अकॉन्ड्रोप्लासिया हा हाडांची वाढ खुंटवणारा जनुकीय विकार आहे. धड सर्वसाधारण, हातपाय आखूड, कपाळ थोडं पुढे. तो झाला तेव्हा डॉक्टरांनी कागदातून मान वर न काढता मला विचारलं, ‘‘तुमच्या माहेरी कुणी बुटकं आहे का?’’ यजमान शेजारच्याच खुर्चीत बसले होते. त्यांना एका शब्दाने काही विचारलं नाही. केसपेपरवर ‘आईकडील इतिहास’ लिहून खाली रेघ मारली, झालं. सासरच्या मंडळींना तेवढं पुरलं. माझ्या आजोबांची उंची काय, मावशीची बोटं काय, सगळ्यांचे पंचनामे झाले. माझी आई तर पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे यायलाच बिचकायची.

वस्तुस्थिती अशी की हा विकार असलेल्या साधारण ८० टक्के मुलांचे आईवडील दोघंही सर्वसाधारण उंचीचे असतात. म्हणजे बदल घराण्यातून आलेलाच नसतो, त्या मुलापासूनच सुरू होतो. चौथ्या गुणसूत्रावर एफजीएफआर-३ नावाचं जनुक आहे. हाडांची वाढ आवरून धरणं हे त्याचं काम. त्यात एका अक्षराची अदलाबदल झाली की ते गरजेपेक्षा जास्तच आवरत बसतं. १९९४ साली हे उलगडलं, आणि असा नवा बदल जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्राणूतून येतो हेही पुढे कळलं. स्त्रीची बीजपेशी तिच्या जन्माआधीच तयार झालेली असते. पुरुषाच्या मूळपेशी मात्र वय होईपर्यंत विभागत राहतात आणि दर खेपेला सगळा डीएनए नव्याने उतरवून घेतात. त्यात चुका राहणारच. वडिलांचं वय एका वर्षाने वाढलं की बाळातले नवे बदल सरासरी दोनाने वाढतात, हे आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मोजून दाखवलं.

म्हणून आता यजमानांना पिंजऱ्यात उभं करा, असं मी म्हणत नाही. प्रत्येक बाळ साठ-सत्तर नवे बदल घेऊनच जन्माला येतं. आपले लेखकमहाशयही आले असतील! त्यातल्या बहुतेकांनी काहीच बिघडत नाही. काही बदल तर उपयोगीही पडतात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक दोघांकडून आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर मलेरियाच्या गंभीर दुखण्यापासून बऱ्यापैकी संरक्षण. लेखात मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसता ‘दोष’ आणि ‘विकृती’. मायटोकॉन्ड्रियातले, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांतल्या डीएनएतले बदल आईकडूनच येतात, हे मला ठाऊक आहे. लेखकांना तेच म्हणायचं होतं तर तेवढंच म्हणायचं होतं. सगळ्या आयांना एका चौकटीत कोंबायची गरज नव्हती.

खुलासा छापणार असाल तर त्याच जागी, त्याच टाइपात छापा. आतल्या पानावर निविदांच्या खाली नको, तिथे माझ्या सासूबाईंची नजर जात नाही.

आणखी एक. लेखासोबत अर्धं पान अडवून डीएनएचं जे रंगीत चित्र दिलंय, त्याचा पीळ उलटा आहे. आपल्या पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा असतो, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. गेल्या वर्षीच्या विज्ञान दिनाच्या अंकातही हेच चित्र असंच उलटं होतं. तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं.

आपली,
एक नियमित वाचक