तुटलेले फायबर आणि दुसरी वाट : माहिती तंत्रज्ञानमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञानमंत्री,
गोवा सरकार, पणजी

महोदय,

पेडण्यात जेसीबीने केबल ओढली की पंचायतीत दाखले अडतात आणि खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ची चिठ्ठी लागते. सर्व्हर बहुधा ठणठणीत असतो. आम्ही फायबर देखभालीतले तंत्रज्ञ; आमची मागणी मुख्यतः दुसऱ्या वाटेबद्दल आहे.

केबल रिंगमध्ये, म्हणजे दोन वाटांनी वर्तुळात टाकलेली असते. रिंगची एक बाजू तुटली तर माहितीची वाहतूक साधारण 50 मिलिसेकंदांत उलट दिशेने वळते. कोणाला पत्ताही लागत नाही, आणि गोम तिथेच आहे. तक्रार नाही म्हणून पहिला कट रेंगाळतो. दुसरा आला की तालुका बंद. तेव्हा सेवा चालू असली तरी पहिल्या कटला दंडाची मुदत लागू करा. दोन्ही बाजू एकाच चरातून किंवा जुवारीच्या एकाच पुलावरून गेल्या असतील, तर ती रिंग नकाशापुरतीच. प्रत्येक रिंगचे पूल, मोऱ्या, डक्ट प्रत्यक्ष चालून तपासायला लावा. पावसाळ्याआधी एका रात्री, आगाऊ सूचना देऊन, एक बाजू मुद्दाम बंद करून पाहा.

आता दुरुस्ती. ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड शोधणारा मापक) बिघाडाचे जे अंतर दाखवतो ते फायबरचे, रस्त्याचे नव्हे. दर 2 किलोमीटरला जोड आणि प्रत्येक जोडापाशी 20 मीटर जादा केबलची गुंडाळी धरली, तर 14 किलोमीटरवर सव्वाशे मीटरांचा घोळ सहज होतो. शिवाय नळीतले फायबर केबलपेक्षा किंचित लांब असते. मग भलतीकडेच खणले जाते. म्हणून काम ताब्यात घेतानाच प्रत्येक जोडाचे जीपीएस स्थान, गुंडाळीची लांबी आणि ओटीडीआरचा मूळ आलेख मागून घ्या. अंतर जवळच्या जोडापासून मोजले की चूक काही मीटरांवर येते.

जेसीबीचा दात केबल सरळ कापत नाही, ताणतो. त्यामुळे फायबर दिसणाऱ्या टोकापासून कित्येक मीटर आतही तुटलेले असते. दोन्हीकडून तपासून खराब तुकडा काढायचा आणि नवी केबल घालायची. म्हणजे एका कटला दोन जोड, 24 कोरला (काचेच्या तंतूंना) 48 स्प्लायस (तंतूंचे सांधे). इस्पितळे, 108 आणि पोलिस नियंत्रण कक्षाच्या कोर आधी, बाकीच्या मागून. हा क्रम लेखी हवा. चिखलात उभे राहून फोनवर ठरवण्याची ती गोष्ट नव्हे. स्प्लायसचा लॉस (प्रकाशाची घट) 0.1 डेसिबलच्या आत हवा. ओल्या, धुळकट टोकाला तो मिळत नाही, म्हणून तंबू हा निविदेतला सक्तीचा जिन्नस करा. घाईत क्लोजरचे (जोड झाकणाऱ्या डब्याचे) सील नीट बसले नाही तर पाणी शिरते आणि तोच जोड पुन्हा उघडावा लागतो.

राहिले खोदकाम. खणण्याआधी केबल-नळांच्या मालकांना कळवण्याचे ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप मार्च 2023 पासून आहे. सार्वजनिक बांधकाम खाते, वीज खाते आणि पाणीपुरवठ्याच्या ठेकेदारांनी खणण्याआधी त्यावर नोंद केल्याचा पुरावा जोडल्याशिवाय त्यांचे बिल पुढे सरकू नये, एवढा आदेश आपण मंत्रिमंडळात मांडून काढून घ्यावा.

आपले,
फायबर देखभालीतले तंत्रज्ञ, फोंडा