विहिरीवरच्या तात्यांना

तात्या, नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल आणि तुम्ही मध्येच "काय उद्योग न्हाईत ह्या माणसाला" म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. नाव-गाव मात्र लिहीत नाही, कारण तुम्हीच बजावलं होतं, "आमचं नाव कुठं घालू नगासा, न्हाईतर समदं कोल्हापूर पोरं घिऊन हिरीवर यील." राधानगरी रस्ता, उसाच्या कडेची दगडी विहीर, काठावर चिंच, एवढंच सांगतो. अशा विहिरी त्या रस्त्याला पन्नास असतील, तेव्हा काळजी नसावी.

यंदा मे महिनाभर मला सेकंड शिफ्ट लागली होती. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत दुपारी तीनला शिरायचं, रात्री अकराला सुटायचं. बायको बँकेत, ती नवाला बाहेर पडते. पोरगा पहिलीतून दुसरीत गेलेला, शाळेला सुट्टी. म्हणजे सकाळी नवापासून दुपारी एकपर्यंत घरात आम्ही दोघंच, आणि एक टीव्ही. तिसऱ्या दिवशी मी टीव्हीची वायर काढून कपाटावर ठेवली आणि म्हटलं, चल, रोज एक मोहीम.

पहिली मोहीम गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. म्हैस समोर उभी, धार काढून फेसासकट ग्लास हातात. पोराने मिशी पुसली नाही, घरी येऊन आरशात बघितली आणि मगच तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी प्रयाग चिखलीला संगमावर गेलो. पंचगंगा कशी तयार होते ते मी रंगवून सांगत होतो, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. त्याने बोटं मोजली. "चारच झाल्या. पाचवी?" म्हटलं, सरस्वती, ती गुप्त आहे. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही." यावर बापाने काय बोलायचं?

घोळ झाला तो टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये. तिथे एक छोटी कांस्य मूर्ती आहे, हातात मावेल एवढी, एक हात वर उगारलेला. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात ती सापडली. दोनेक हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार चालायचा, त्या वाटेने इथवर आलेली. पोराला त्या देवाचं फार नवल वाटलं. कोल्हापुरात समुद्र नाही, मग हा आला कशाला? आणि मग, "याला पोहता येत असणार, नाही?" म्हटलं, येत असणारच. "तुम्हाला येतं?"

तात्या, मी "येतं की" म्हणालो.

खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो, निघून गेलं तोंडातून. आमच्या आळीतली सगळी पोरं पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकली. मी कपडे सांभाळत बसायचो. लहानपणी एकदा पायाखालचा दगड सुटला होता, नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझ्या पोटात गोळा येतो. हे बायकोलासुद्धा लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. पोराला मागच्या वर्षी शहरात एका ठिकाणी पोहण्याच्या क्लासला घातलं होतं, तिथे दुसऱ्याच दिवशी त्याला मागून ढकललं. तो पुन्हा गेला नाही आणि मीही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं.

पण "येतं की" म्हटल्यापासून त्याने सगळं जग पोहण्यावर मोजायला घेतलं. पन्हाळ्याला गेलो. गडाचं नाव २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलं, बारा किल्ल्यांत, म्हणून मी जरा अभिमानाने फिरवत होतो. अंधारबावेत उतरलो. तीन मजले, तळाला विहीर, वेढा पडला तरी पाणी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून वर इमारत. मी १६६०चा वेढा, सिद्दी जौहर, पावसाळ्यातली ती रात्र असं सांगत होतो. तो खाली काळ्या पाण्याकडे बघत होता. "सिद्दी जौहरला पोहता येत होतं का?" येताना द्रोणभर करवंदं घेतली, एकेक फोडून कोंबडा की कोंबडी करत घाट उतरलो. त्यातही कोंबडा निघाला तर आपण पोहायला जायचं, अशी त्याची पैज. करवंद आतून लालभडक निघालं.

म्हणून दुसऱ्या दिवशी ॲक्टिव्हा राधानगरी रस्त्याला लागली आणि चिंचेखाली पोरांचा दंगा ऐकून त्याने मागून माझा शर्ट ओढला.

तुम्ही मोटेच्या जुन्या थारोळ्यावर बसला होता. आम्हाला बघून उठलात, काही न विचारता पेटीकडे गेलात, मोटारीच्या तिन्ही फ्यूजा काढल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकल्या. मग म्हणालात, "आता बोला." ते मला फार आवडलं. विहिरीत माणूस असताना कुणी चुकून स्टार्टर दाबला, पाण्यात करंट उतरला, तर काय होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी किती जण फ्यूजा काढतात? नंतर पोरगा रोज आधी तुमच्या खिशावर हात ठेवून तीन मोजायचा आणि मगच कपडे काढायचा.

"पोराला शिकवाल का?" मी विचारलं.

"तुमास्नी येतंय न्हवं? तुमीच शिकवा की."

पोरगा माझ्याकडे बघत होता. मी काय बोलणार होतो देव जाणे. तुम्ही माझ्या तोंडाकडे एकदा बघितलंत, फक्त एकदा, आणि लगेच त्याला म्हणालात, "आरं, बा शिकवाय लागला की पोरगं रडून सूट मागतंय. परक्यानं शिकवावं. चल, डबा बांधू." त्यासाठी हे पत्र आहे. पोहणं वगैरे पुढचं.

डबा तरी कसा बांधावा, मला कुठे माहीत होतं! तेलाचा पाच लिटरचा पांढरा डबा, झाकणाच्या आत सायकलच्या ट्यूबची चकती कापून घातलेली. दोरी काथ्याची, नायलॉनची नाही, कारण नायलॉनची गाठ ओली झाली की सरकते. पोटाला दोन वेढे, गाठ पाठीकडे, म्हणजे घाबरलेल्या पोराचा हात तिच्यापर्यंत जात नाही. तुमच्या लहानपणी वाळका भोपळा असायचा, नाहीतर पांगिऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा. सांगता सांगता तुम्ही पोराला पायऱ्यांवरून खाली नेलंत आणि गळ्याएवढ्या पाण्यात नुसतं उभं केलंत. ढकललं नाही. पहिला दिवस तो नुसता पायरी धरून पाय मारत राहिला. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसून "पाय सरळ ठेव, पाय सरळ" असं ओरडत होतो, जसं काही मला कळत होतं.

मग रोजचंच झालं. आठला विहीर, अकराला बाहेर. दिवसा लाईट असलेल्या आठवड्यात तुम्ही आम्हाला लवकर हाकलायचात, फ्यूजा परत बसायच्या, आणि पोरगा पाटाच्या तोंडाशी, पाइपाच्या धारेखाली बसून थंडगार पाण्यात कुडकुडायचा. कधी कैरी-मीठ. कधी नुसतंच उसाचं कांडं. तुमच्या म्हशीचं रेडकू त्याची चड्डी चघळायचं. घरी परतताना तो माझ्या पाठीला चिकटून झोपायचा आणि मी एका हाताने त्याला, एका हाताने हँडल धरून हळूहळू यायचो. (हे बायको वाचणार आहे. फार हळू यायचो.)

नवव्या दिवशी काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने एकदा सांगू द्या. पोरगा विहिरीच्या मधोमध. पाणी चार परस, म्हणजे चार पुरुष खोल. मी तिसऱ्या पायरीवर. मला दिसलं की डबा पाण्यावर नाही. एरवी पाठीवर पांढरा दिसायचा, तो पाण्याखाली गेलेला. पोराचं डोकं एकदा खाली गेलं, वर आलं. मी तुम्हाला हाक मारली का? नाही. मी पॅन्ट, बूट आणि खिशात फोन अशा अवस्थेत उडी मारली.

त्यानंतरचं मला हिरवं हिरवं एवढंच आठवतं. आणि कॉलर धरून ओढणारा तुमचा हात. पायरीवर आणून टाकलंत तेव्हा मी खोकत होतो. शेजारच्या पायरीला पोरगा धरून होता, स्वतःचा स्वतः आलेला, आणि भोकाड पसरून रडत होता, "पप्पा बुडले, पप्पा बुडले."

"डबा फुटला," मी कसंबसं म्हणालो.

"फुटला कशानं? सकाळधरनं भरलेलाच हाय त्यो."

तेव्हा कळलं. तुम्ही रोज डब्यात थोडं थोडं पाणी घालत होता. पहिल्या दिवशी रिकामा, मग अर्धा तांब्या, मग तांब्या, वाढवत वाढवत. भरलेला डबा काही तरंगवत नाही, पण बुडवतही नाही, नुसता पाठीला असतो. पोरगा दोन तास डब्याशिवाय पोहत होता आणि विहिरीवर हे फक्त तुम्हाला माहीत होतं. मला सांगितलं असतंत तर मी उडी मारली नसती, पण मग मी त्याला पाण्यातही उतरू दिलं नसतं, हेही तुम्ही ओळखून होता.

काठावरची पोरं हसायला लागली तेव्हा तुम्ही पोराला सांगितलंत, "बाची उडी झ्याक हुती. फकस्त पॅन्ट घालून मारली, ती जड झाली." त्याने डोळे पुसून मान डोलावली. घरी जाऊन आईला त्याने सांगितलं, "पप्पांनी सूर मारला." फोन तांदळाच्या डब्यात तीन दिवस ठेवला, उपयोग झाला नाही. त्या दिवशी शिफ्टला चप्पल घालून गेलो तर गेटवर अडवलं, सेफ्टी शूज कुठे म्हणून. विहिरीत भिजले, असं खरं सांगितलं, ते कुणाला पटलं नाही.

दहाव्या दिवशी तुम्ही दोन डबे आणून ठेवलेत. "ह्यो बारक्याचा न्हाय," एवढंच. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पोटाला काथ्याची दोरी आणि पाठीवर दोन तेलाचे डबे बांधून मी पाण्यात उतरलो. तुमच्या गावातली पोरं मला अजून "डबल डब्बा" म्हणतात, माझी हरकत नाही. पोराला काय सांगायचं हा प्रश्न होता. तुम्ही त्यालाच माझा मास्तर केलंत. "तुझा बा इसरलाय, त्येला आठवण करून दे." आणि तो कमरेवर हात ठेवून वरच्या पायरीवर बसला. "पाय सरळ ठेवा पप्पा, पाय सरळ."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी विहीर आडवी पार केली. डबे होते, पण किती भरलेले ते मी विचारलं नाही. डोळे मिटलेले होते. पलीकडच्या दगडाला हात लागला तेव्हा पोरगा आधीच तिथे होता.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. पाकीट काढलं तर "पाण्याचं पैसं घेत्यात व्हय?" म्हणून रागावलात. चहा-साखर आणली, ती काकूंनी घेतली, बदल्यात फणस दिला, आणि तो फणस ॲक्टिव्हावर कोल्हापूरपर्यंत नेणं हीच त्या सुट्टीतली सर्वांत अवघड मोहीम ठरली.

पोरगा अजून जोडाक्षरांना अडखळतो, त्यामुळे हे पत्र त्याच्या हाती लागून "इसरलाय" म्हणजे नेमकं काय ते कळायला वर्ष-दोन वर्षं आहेत. तोवर मी सूर शिकून घेईन म्हणतो.

तुमचा एक डबा आमच्याकडे राहिलाय. दोरी कुजायला आली होती, गंगावेशीतून नवी काथ्याची आणून बांधली. गाठ पाठीकडेच घातलीय. पोरगा म्हणतो दसऱ्याला जाऊ, पाऊस ओसरलेला असतो आणि पाणी काठापर्यंत. त्याला वरून उडी मारायची आहे. मला अजून मुटकाच येतो, तोही नाक दाबून.

येण्याआधी फोन करतो. फ्यूजा काढून ठेवा.

तुमचा,
डबल डब्बा