नागपूरला पाठवावा लागेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला लॅपटॉप-खरेदीवरचा लेख वाचला. वजन, रंग, कॅमेरा, सगळं आलं. बिघडल्यावर काय, तेवढं राहिलं.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवतो. माझा डेस्कटॉप २००९ चा. जगात लॅपटॉपचा खप डेस्कटॉपच्या पुढे गेला २००८ मध्ये, म्हणजे मी घेतला तेव्हाच तो जुन्या चालीचा. त्याच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीत, दोनदा पाल शिरून मेली. कापसाच्या दिवसांत पंख्यावर तंतू आणि धुळीचा थर बसतो, तो जुन्या ब्रशने झाडतो. डिस्प्ले आला नाही की रॅम काढायची, खोडरबरने घासायची, परत बसवायची. मध्ये बोर्ड बदलला, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावली. डबा तोच. हे सगळं इथेच, टेबलावर.

लॅपटॉपला मी नावं ठेवत नाही. पीक विम्याच्या मुदतीच्या आदल्या रात्री लाइन गेली, ओट्यावर वीस-पंचवीस माणसं, आणि यूपीएसने दहा मिनिटांत मान टाकली. तेव्हा पुतणीच्या लॅपटॉपने मोबाइलच्या नेटवर दीड तास काम निभावलं. शहरात लोक बॅगेत नेता येतो म्हणून तो घेत असतील. आमच्याकडे लाइनीचा भरवसा नाही म्हणून घेतात.

पण दुसऱ्याच उन्हाळ्यात, टिनाखाली, त्याच लॅपटॉपची बॅटरी फुगली आणि टचपॅड वर आलं. कीबोर्डची दोन बटणं गेली होती, तर म्हणे वरचं अख्खं पॅनल बदला. रॅम वाढवावी म्हटलं, तर ती बोर्डालाच डाख देऊन बसवलेली. दारव्ह्यात विचारलं, यवतमाळात विचारलं. उत्तर एकच : नागपूरला पाठवावा लागेल. बावीस दिवसांनी परत आला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट (सुरक्षेचे मोफत अपडेट) संपल्यापासून ‘आता नवीनच घ्या’ हा धोशा वाढलाय. डेस्कटॉपवाल्याचं बोर्ड-प्रोसेसर बदलून भागतं. मॉनिटर, डबा राहतात. हे काउंटरवर कोणी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात शेजाऱ्यासोबत त्याच्या पोरासाठी खरेदीला गेलो होतो. दुकानात लॅपटॉपांची रांग, डेस्कटॉप मात्र ‘ऑर्डर द्या, चार दिवसांत मागवतो’. पोरगं माझ्या कानाशी म्हणालं, “काका, डब्बा नेला तं पोट्टे हासतीन मले.” लॅपटॉपच घेतला. रॅमचा वेगळा स्लॉट असलेला निवडायला लावला, तेवढं माझं चाललं.

पुढच्या लेखात किंमतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना द्यावा : दुरुस्ती कोणत्या गावी होते.

आपला,
एक केंद्रचालक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ