डिजिटल खर्चाच्या बातम्या आणि न विचारलेला प्रश्न

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कंपन्या नव्या डिजिटल तंत्रज्ञानावर किती खर्च करणार, याच्या बातम्या अर्थविषयक पानांवर नेहमी वाचायला मिळतात. त्या खर्चामुळे कंपनीतील कोणता निर्णय कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याचा उल्लेख मात्र त्यांत क्वचितच असतो. खरे परिवर्तन झाले की नाही, हे माझ्या मते त्यावरूनच ठरते.

फोर्ड मोटर कंपनीचे उदाहरण जुने असले तरी आजही मार्गदर्शक आहे. १९८०च्या दशकात पुरवठादारांची बिले चुकती करणाऱ्या तिच्या उत्तर अमेरिकेतील विभागात ५००हून अधिक माणसे होती आणि संगणक आणून हे मनुष्यबळ सुमारे २० टक्क्यांनी कमी करावे, इतकाच व्यवस्थापनाचा मूळ विचार होता. माझदा ही तुलनेने लहान कंपनी हेच काम अवघ्या पाच माणसांत करते, हे लक्षात आल्यावर फोर्डने कामाची पद्धतच तपासली. खरेदीची मागणी, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल हे तीन कागद ताडून पाहायचे आणि ते जुळले नाहीत की चूक शोधत बसायचे, यातच विभागाचा बहुतेक वेळ जात होता. फोर्डने बिलाची अटच काढून टाकली. माल उतरवून घेणारा कर्मचारी संगणकावर मूळ मागणी पाहील, माल जुळला तर स्वीकारील आणि पैसे आपोआप दिले जातील. जुळला नाही तर माल परत जाईल. मनुष्यबळाची गरज सुमारे ७५ टक्क्यांनी घटली. संगणक तर पहिल्या योजनेतही होताच. फरक पडला तो मुख्यालयातील निर्णय माल उतरवून घेणाऱ्याच्या हाती आल्यामुळे. (अशा बदलात ज्यांचे काम संपते, त्यांना नवे काम शिकवण्याची जबाबदारीही व्यवस्थापनाचीच आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.)

धोरणाच्या पातळीवर हा प्रश्न अधिक कठीण होतो, कारण तेथे चालू नफ्यालाच हात घालावा लागतो. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये कोडॅकच्याच अभियंत्याने तयार केला होता. तरीही कंपनीची मिळकत फिल्मवर अवलंबून राहिली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. फुजीफिल्मलाही फिल्मचा धंदा घटल्याचा फटका बसला, परंतु फिल्म बनवताना मिळवलेले रसायनांचे ज्ञान तिने एलसीडी पडद्यांसाठी लागणाऱ्या फिल्म, सौंदर्यप्रसाधने आणि औषधनिर्मितीकडे वळवले. तंत्रज्ञानाची जाण दोघींनाही होती. आपले खरे भांडवल कोणते, याचे उत्तर मात्र दोघींनी वेगवेगळे दिले.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत हेच घडताना दिसते. अहवालाचा मसुदा काही मिनिटांत तयार होतो आणि मग पूर्वीइतक्याच वरिष्ठांच्या मंजुरीसाठी पूर्वीइतकेच दिवस पडून राहतो. अशा ठिकाणी वाचलेला वेळ ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून विनंती अशी की, एखाद्या कंपनीने डिजिटल योजना जाहीर केली की आपल्या वार्ताहरांनी खर्चाच्या आकड्यासोबत कोणती मंजुरी रद्द झाली, कोणाचा अधिकार वाढला आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी किती तरतूद केली, हेही विचारावे व त्याची उत्तरे छापावीत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक