पॉलिपसाठी सीटी : खरे काम आदल्या दिवशी

मा. संपादक,
स. न.

गुदद्वारातून दुर्बीण घालून होणारी तपासणी नको म्हणून अनेक निरोगी माणसे पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेल्या गाठी) शोधण्यासाठी मोठ्या आतड्याच्या सीटी कोलोनोग्राफीचा, म्हणजे सीटी स्कॅनने होणाऱ्या तपासणीचा, विचार करतात. तपासणी चांगलीच आहे. अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक निरोगी व्यक्तींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १० मि.मी. किंवा मोठे पॉलिप असलेल्या दर दहांपैकी नऊ जणांचे निदान सीटीने झाले. पण असे यश मिळते ते आदल्या दिवशी नीट तयारी केली तरच, आणि नेमके हेच लोकांना धड सांगितले जात नाही.

चोथा नसलेला आहार आणि जुलाबाचे औषध हवेच. शिवाय बेरियम किंवा आयोडीनचे द्रावण प्यावे लागते. ते उरलेल्या मळात मिसळते. मळ स्कॅनवर पांढरा दिसतो, पॉलिप करडाच राहतो. चव आवडली नाही म्हणून हे द्रावण टाळले, तर भिंतीला चिकटलेला मळ आणि पॉलिप वेगळे ओळखणे फार अवघड होते.

तपासणीत गुदद्वारातून बारीक नळीने कार्बन डायऑक्साइड सोडून आतडे फुगवतात. हा वायू हवेपेक्षा लवकर शोषला जातो, त्यामुळे नंतर पोट फार वेळ तडतडत नाही. स्कॅन दोनदा होतो, उताणे आणि पालथे. सुटा मळ आणि पाणी खाली सरकते, पॉलिप सहसा जागा सोडत नाही. वळणदार सिग्मॉइडचा (गुदाशयाच्या आधीच्या आतड्याचा) भाग बरेचदा मिटलेलाच राहतो. तो माणूस टेबलावर असतानाच प्रतिमा पाहून, गरज असेल तर कुशीवर तिसरा स्कॅन घेतला पाहिजे. पोटाच्या साध्या सीटीत यातले काहीच होत नाही. तो नॉर्मल आला म्हणून पॉलिप नाही असे समजू नये.

५ मि.मी.पर्यंतचे पॉलिप रिपोर्टमध्ये सहसा लिहीत नाहीत. ६ ते ९ मि.मी.चे एक-दोन असतील तर दुर्बीण किंवा तीन वर्षांनी पुन्हा सीटी. तीन असतील, किंवा १० मि.मी.चा एक जरी असेल, तर दुर्बीणच. सीटीत पॉलिप काढता येत नाही. चपटे पॉलिप मात्र चांगल्या स्कॅनमध्येही निसटतात. शौचातून रक्त जात असेल, आतड्याचा जुना दाह असेल किंवा आनुवंशिक धोका असेल, त्यांनी सरळ दुर्बिणीकडे जावे.

नाव नोंदवतानाच एक विचारून घ्यावे : पॉलिप दिसला तर त्याच दिवशी दुर्बीण करता येईल का? सोय नसेल, तर जुलाबाची सगळी तयारी पुन्हा करावी लागते.

आपला,
एक क्ष-किरणतज्ज्ञ