अकरा दिवसांच्या बाळाचा अपराध कोणता?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील पाप आणि इच्छास्वातंत्र्यावरील लेख मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. ख्रिस्ती माणूस आदामाचा, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाचा, अपराध माथी घेऊनच जन्मतो, म्हणून त्याला निवड उरत नाही, असे लेखकांनी निःशंकपणे लिहिले आहे. त्यांच्या व्यासंगाबद्दल आदर ठेवून सांगते, की निदान कॅथॉलिक शिकवणुकीला हे वाक्य धरून नाही, आणि अशी वाक्ये घराघरांत काय करतात ते मी लहानपणी पाहिले आहे.

आम्ही नाशिकरोडला राहत होतो. माझा धाकटा भाऊ अकरा दिवसांचा असताना ऐन जानेवारीच्या थंडीत न्यूमोनियाने गेला. पुढच्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे आदामापासून आलेले जन्मपाप पाण्याने धुऊन ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी, ठरला होता आणि आई त्यासाठी पांढऱ्या झबल्याच्या गळ्याशी वेल भरत होती. एक बाजू पुरी झाली होती, दुसऱ्या बाजूला नुसती निळ्या पेन्सिलीची रेघ राहिली. भेटायला आलेले एक वडीलधारे नातेवाईक चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "जन्मपाप धुतल्यावाचून गेला बिचारा." त्यांच्या मनात वाईट नव्हते, त्यांना तसेच शिकवले गेले होते. पण आई त्यानंतर कितीतरी वर्षे त्या अकरा दिवसांचा हिशेब करीत राहिली: पाचव्या दिवशीच चर्चमध्ये नेले असते तर, अडल्या वेळी कुणालाही बाप्तिस्मा देता येतो हे त्या रात्री आठवले असते तर. बाळाने असे केले तरी काय होते, हे तिने कुणालाही विचारले नाही.

'जन्मपाप' या शब्दानेच मराठीत घोटाळा होतो, कारण पाप म्हणजे आपण केलेले कृत्य असेच आपण समजतो. 1992 च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात मात्र ही वारशाने आलेली अवस्था आहे, केलेले कृत्य नव्हे, आणि आदामाच्या कोणत्याही वंशजाच्या बाबतीत तिला वैयक्तिक अपराधाचे स्वरूप नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. बापाच्या कर्जाचा बोजा मुलाच्या सातबाऱ्यावर येतो म्हणून मुलाला कुणी कर्जबुडवा म्हणत नाही, आणि ती जमीन कसायची की पडीक ठेवायची हे त्याच्याच हाती राहते. आदामाच्या पापानंतर माणसाची स्वतंत्र इच्छा नष्ट झाली असे म्हणणाऱ्यांना तर ट्रेंट येथे भरलेल्या कॅथॉलिक धर्मपरिषदेने 1547 मध्येच बहिष्कृत ठरवले होते. इच्छा बंदिवान झाली आहे हे प्रतिपादन 1525 मध्ये प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने केले. ते समस्त ख्रिस्ती लोकांच्या नावावर कसे घालता येईल? पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर आदामाचा दोष वंशजांना लागतो असे मानतच नाहीत.

लेखकांनी उत्पत्तीचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, आदाम-हव्वेने फळ खाल्ल्याचा तिसरा अध्याय उद्धृत केला, पण ते चौथ्यापर्यंत गेले असते तर बरे झाले असते. फळ खाण्याच्या गोष्टीत 'पाप' हा शब्दच नाही. तो पहिल्यांदा येतो आदामाचा मुलगा काइन याच्या गोष्टीत, आणि तेथे देव काइनाला सांगतो की पाप दाराशी टपून बसले आहे, तू त्याच्यावर ताबा ठेवला पाहिजेस. ज्याला निवड नाही, त्याला असे कोण सांगेल? (त्या फळाचे नावही उत्पत्तीत नाही, तरी आपल्या चित्रकाराने पानभर लाल सफरचंद काढले आहे.)

बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना सौम्य का होईना, शिक्षा होते, असे प्राचीन काळचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिन मानत असे, आणि आमच्या घरातले ते वाक्य तेथूनच झिरपत आले असावे. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहे, असे प्रसिद्ध केले. ते आईला वाचून दाखवावे, तर ती तेव्हा हयात नव्हती. ते झबले अजून माझ्या कपाटात आहे.

नाताळ आणि गुड फ्रायडे सोडल्यास आपल्या पुरवणीला आमच्या श्रद्धेची आठवण क्वचितच होते, आणि झाली की असे काही छापून येते, याचेही मला वाईट वाटते. या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी, त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, ही विनंती.

कळावे,
एक वाचक, नाशिकरोड